जुन्या डेस्कटॉपला ८ जीबीची रॅम लावली की डिस्प्लेच येत नाही

खटपट्या

मशीन असं आहे: इंटेल कोअर आय३-२१२०, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, रॅमचे दोन स्लॉट. एकात डीडीआर३ १३३३ ची ४ जीबी स्टिक आहे, दुसरा रिकामा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १०, ६४ बिट, साधी हार्ड डिस्क. ब्राउझरचे दहाबारा टॅब आणि एक मोठी एक्सेल फाइल उघडली की मशीन गुडघे टेकतं.

म्हणून डीडीआर३ १६०० ची ८ जीबी स्टिक घेतली. खाच जुळते, क्लिपा बसतात. चालू केल्यावर पंखा फिरतो, मॉनिटर मात्र काळाच. नवी स्टिक काढली की सगळं पूर्ववत. ती एकटी लावून, दोन्ही स्लॉटमध्ये फिरवून पाहिली, तेच. बीप ऐकू येत नाही, पण कॅबिनेटमध्ये स्पीकर जोडलेला आहे की नाही तेच माहीत नाही.

बोर्ड ८ जीबीची स्टिक घेत नाही का? की १३३३ आणि १६०० एकत्र चालत नाहीत? बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदलायचं असतं का? आणि मुळात १२ जीबी करून फरक पडेल का?

उंटावरचा शहाणा

पहिल्या दोन शंका डोक्यातून काढून टाका. एच६१ ला एका स्लॉटमध्ये ८ जीबी, एकूण १६ जीबी चालते. वेगाचंही तसंच. प्रत्येक स्टिकवर एक बारकी चिप असते, तिच्यात ती स्टिक कुठल्या वेगाला कशी चालते याची नोंद असते. बोर्ड ती वाचतो आणि सगळ्यांना झेपेल तो वेग लावतो. तुमचा आय३-२१२० दुसऱ्या पिढीचा, त्यातला मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) १०६६ आणि १३३३ साठी आहे, १६०० तिसऱ्या पिढीपासून आलं. तेव्हा तुमची १६०० ची स्टिक १३३३ वर मुकाट्याने चालायला हवी. जास्तीचा वेग मिळणार नाही, पण त्यापायी डिस्प्ले अडत नाही.

बायोसमध्ये वेग हाताने ठरवा असं कुणी सांगेलच. नका ठरवू. जुनी स्टिक लावून आत जा, डिफॉल्ट सेटिंग लोड करा, सेव्ह करून बाहेर या. एवढं पुरे.

आता बसवणं एकदा नीट तपासा, कारण निम्म्या वेळा घोळ तिथेच असतो. केबल भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे सप्लायच्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज उतरते. बोर्डवर स्टँडबायचा दिवा असेल तर तो विझलेला दिसला पाहिजे. कॅबिनेट आडवं ठेवा. स्टिक सरळ उभी धरून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. क्लिप हाताने लावायची नसते, स्टिक पूर्ण आत गेली की ती आपोआप 'टक्' करून बसते. हाताने ओढून लावलेली क्लिप फसवते. नंतर डोळा स्लॉटच्या पातळीला आणून बघा: सोनेरी पट्ट्यांची जी बारीक रेघ बाहेर दिसते ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी हवी. एका बाजूला जाड दिसली तर ते टोक वर राहिलंय.

पहिल्यांदा चालू केल्यावर लगेच बंद करू नका. रॅम बदलली की काही बोर्ड एकदोनदा आपणच रीस्टार्ट होतात. मिनिटभर थांबा.

स्पीकर नसेल तर मिळवा. बोर्डवरच्या चार पिनांच्या जोडणीवर (हेडरवर) लागतो, छोटासाच असतो. तो लावून सगळी रॅम काढून मशीन चालू करा. बीप वाजला तर बोर्ड आणि प्रोसेसर जागे आहेत. मग नवी स्टिक लावून तसाच बीप येतो का बघा. आला तर बोर्डाच्या दृष्टीने ती स्टिक स्लॉटमध्ये नाहीच.

सोल्डरगन

वरचं सगळं बरोबर, पण जुनी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये चालत असेल आणि नवी एकाही स्लॉटमध्ये चालत नसेल, तर बसवण्यापेक्षा स्टिकच्या जातीचा संशय जास्त. खाच जुळली म्हणजे रॅम जुळली असं नसतं. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, त्यांच्या खाचा वेगळ्या, म्हणून ती चूक होत नाही. पण सर्व्हरची डीडीआर३ ही तुमच्या स्लॉटमध्ये अगदी आरामात बसते आणि तुमच्या बोर्डावर चालत नाही.

तीन गोष्टी कळवा:

१. स्टिकरवर पीसी३-१२८०० (डीडीआर३ १६०० चंच दुसरं नाव) च्या पुढे कुठलं अक्षर आहे? 'यू' म्हणजे साधी डेस्कटॉपची. 'आर' म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड, ती परत करा.

२. '२आर×८' किंवा '१आर×४' असं काही छापलंय का?

३. एकूण काळ्या चिपा किती, आणि त्यांच्यावर काय लिहिलंय? १८ असतील, मध्ये आणखी एक वेगळ्या आकाराची असेल, तर परत सर्व्हरचीच. अक्षरं उजेडात तिरकी धरून, मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा.

खटपट्या

जुनी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये चालते, आताच पाहिलं. स्पीकरही लावला: रॅम नसताना बीप येतो आणि नवी स्टिक लावल्यावरही तसाच येतो.

नव्या स्टिकवर कंपनीचं नाव नाही. '८ जीबी डीडीआर३ १६०० पीसी३-१२८००' एवढंच. पुढे अक्षर नाही, '×' वालं काही नाही. चिपा १६, दोन्ही बाजूंना आठ आठ. चिपवर 'के४बी४जी०४४६' आणि पुढे काही अक्षरं आहेत. जुन्या स्टिकवर 'पीसी३-१०६००यू' आणि '२आर×८' असं स्वच्छ लिहिलंय.

सोल्डरगन

सापडलं. 'के४बी४जी' च्या पुढचे दोन आकडे बघा: ०४. तिथे ०८ हवं होतं.

प्रोसेसर रॅमशी एका वेळी ६४ बिट रुंदीने बोलतो. ×८ ची एक चिप ८ बिट देते, म्हणजे आठ चिपा मिळून ६४ बिटांची एक फळी, तिला रँक म्हणतात. १६ चिपांच्या दोन रँक झाल्या, म्हणून २आर×८. तुमच्या नव्या स्टिकमधली प्रत्येक चिप चारच बिट देते, म्हणून सोळाच्या सोळा मिळून जेमतेम एक रँक होते: १आर×४. चिपांची संख्या सारखी, क्षमता सारखी, रचना मात्र निराळी. इंटेलच्या या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर ×८ आणि ×१६ चिपा घेतात, ×४ घेत नाहीत. एएमडीचे त्या काळातले बरेच डेस्कटॉप प्रोसेसर ×४ घेतात, म्हणून अशा स्टिक 'फक्त एएमडीसाठी' म्हणून विकल्या जातात. तो शब्द स्टिकरवर असतोच असं नाही, विक्रीच्या पानावर खाली बारीक अक्षरांत असतो किंवा तिथेही नसतो.

बायोस अपडेट करून हे सुटत नाही, उगाच त्या वाटेला जाऊ नका. अडचण प्रोसेसरच्या आतल्या कंट्रोलरची आहे. आणि स्टिक खराब नाही, योग्य बोर्डावर चालेल, तेव्हा परत देताना 'बिघडलेली' नका म्हणू, 'इंटेलवर न चालणारी' म्हणा.

दुसरी घेताना चिपवर हे शोधा: सॅमसंगची असेल तर 'के४बी४जी०८', हायनिक्सची असेल तर 'एच५टीक्यू४जी८३'. हायनिक्समध्ये ४जी च्या पुढे ४३ दिसलं तर ती ×४. चिपांवरची अक्षरं घासलेली असली तर हात लावू नका, कितीही चकचकीत स्टिकर असो.

१.३५ व्होल्टची डीडीआर३एल मिळाली तरी चालेल, ती १.५ व्होल्टवर चालण्यासाठीही बनवलेली असते. उलटं मात्र करू नये: ज्या नव्या बोर्डला फक्त १.३५ व्होल्टची हवी असते तिथे १.५ ची लावू नका.

बिनपगारी

जाता जाता, जी४१ चिपसेटवाल्यांनी हा धागा वाचून ८ जीबीची स्टिक आणू नका. तिथे एकूण ८ जीबी, म्हणजे स्लॉटमागे ४ जीबी ही कमाल, आणि त्यातही चिपा २ गिगाबिटच्याच हव्यात. ४ जीबीच्या स्टिकवर १६ चिपा असतील तर चालेल, आठच असतील तर नाही. एच६१ ला ही अट नाही.

आता शेवटचा प्रश्न, १२ जीबीने फरक पडेल का. अंदाज बांधू नका, मोजा. नेहमीचं सगळं काम उघडं ठेवून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे 'कमिटेड' खाली दोन आकडे दिसतात. पहिला आकडा ४ च्या बराच वर, समजा ६ किंवा ७ जीबी असेल, तर वरची भर हार्ड डिस्कवर पेजिंग होऊन, म्हणजे डिस्कलाच रॅमसारखं वापरून, भागवली जातेय आणि मशीन तिथेच अडकतंय. रॅम घातल्यावर ते थांबेल. आकडा ३ च्या आसपास असूनही मशीन रडत असेल तर दोष रॅमचा नाही, हार्ड डिस्कचा आहे.

खरं सांगायचं तर दोन्ही करा: रॅम घाला, आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क. एच६१ चे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) ३ गिगाबिटचे, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही. तरी घ्या. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचल्या जातात, तिथे हार्ड डिस्कचं डोकं इकडून तिकडे पळण्यात जो वेळ जातो तो वाचतो, आणि तो वेळ पोर्टच्या वेगाने ठरत नाही.

४ आणि ८ अशी विषम जोडी चालते. बोर्ड पहिले ४ अधिक ४ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन्ही स्टिकांशी एकाच वेळी बोलत, चालवतो, वरचे ४ सिंगलमध्ये. तुमच्याकडे ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच आहे, तेही हीच रॅम वापरतं, त्यामुळे एका स्टिकवरून दोन स्टिकांवर गेल्याचा फायदा तिथेही दिसेल. चार स्लॉटच्या बोर्डवर मात्र कुठले दोन भरायचे ते मॅन्युअलमध्ये बघावं लागतं, बहुधा एका रंगाचे.

लावल्यावर मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवरून एक पूर्ण फेरी चालवा. कामाच्या वेळेत बसून बघण्यासारखं नाही, रात्री लावून झोपा. लाल ओळ एकही नको. आली तर एकेक स्टिक वेगळी तपासा. आणि पिना खोडरबरने घासून घ्या आधी.

उंटावरचा शहाणा

खोडरबर नको. पट्ट्यांवरचा सोन्याचा थर फार पातळ असतो, रबरात घासून काढणारी पूड असते, आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये गेला की जो संपर्क सुधारायचा होता तोच बिघडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, पिनांच्या लांबीच्या दिशेने दोनदा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्लॉट मऊ कोरड्या ब्रशने झाडा. बाकी सगळ्याशी सहमत.

यापुढे कधी एका स्लॉटमध्ये कुठलीच स्टिक दिसेना झाली तर स्लॉटला दोष देण्याआधी प्रोसेसरवरचा कूलर बघा. त्याचा एक पाय सुटलेला असेल, दाब तिरका असेल, किंवा सॉकेटमधली एखादी पिन वाकली असेल, तर एक अख्खा चॅनेल गायब होतो. स्लॉट दिसतो निर्दोष, कारण तो निर्दोषच असतो.

खटपट्या

स्टिक बदलून घेतली. नवीवर '२आर×८ पीसी३-१२८००यू', चिपा १६, 'एच५टीक्यू४जी८३'. दुसऱ्या खेपेला आपणच रीस्टार्ट झालं आणि डिस्प्ले आला. सीपीयू-झेडमध्ये (मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्राम) चॅनेल 'ड्युअल' दिसतोय, वेग ६६५ मेगाहर्ट्झ. मेमटेस्टची एक फेरी विनाचूक. कमिटेड ६.८ जीबीला असतानाही हार्ड डिस्कचा दिवा शांत.

पण ६६५ का? १३३३ हवं ना? आणि विंडोज म्हणतं १२ जीबी, त्यातली ११.९ वापरण्याजोगी.

सोल्डरगन

दोन्ही बरोबर. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती, सीपीयू-झेड ठोके दाखवतं. ६६५ ची दुप्पट करा. उरलेली थोडी रॅम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी बाजूला ठेवलेली आहे. ११.९ ऐवजी ४ किंवा ८ च्या आसपास दिसलं असतं तर एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसं सुरू व्हायचं ते ठरवणारी खिडकी) बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम मेमरी' ची खूण चुकून लागलीय का ते बघायला सांगितलं असतं.

बिनपगारी

एसएसडी घालताना एक लक्षात ठेवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठव्या पिढीच्या आधीची डेस्कटॉप आय३ नाहीत. नव्या एसएसडीवर काहीतरी घालायचंच आहे, तर लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघा. १२ जीबीत ते आरामात राहतं. एक्सेलच्या फाइलीत मॅक्रो असतील तर मात्र त्या तिथे नीट उघडतात का ते आधी तपासा, मगच हार्ड डिस्क काढा.