नॅनकोवीप: आधी पाण्याचं बघा

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधला ब्राइट एंजेल ट्रेल झालाय, आता तिथलाच नॅनकोवीप ट्रेल जमेल का असं एकाने विचारलंय. पाय जमवतील हो, प्रश्न पायांचा नाहीचे. ब्राइट एंजेलवर नळ आहेत, रेंजर आहेत, माणसांची वर्दळ आहे, इथे नॉर्थ रिमकडून (कॅन्यनच्या उत्तर काठाकडून) उतरायला लागलं की थेट खालच्या नॅनकोवीप क्रीक ह्या ओढ्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही, म्हणजे परतीच्या चढासाठीच्या बाटल्या उतरतानाच वाटेतल्या मॅरियन पॉइंट नाहीतर टिल्टेड मेसापाशी ठेवत जायच्या आणि तोपर्यंत ते सगळं ओझं पाठीवर. पार्कवाले स्वतःच ह्याला तिथल्या नाव असलेल्या ट्रेल्समधला सगळ्यात अवघड म्हणतात. सुपाई नावाच्या खडकाच्या थरातला ट्रॅव्हर्स, म्हणजे कड्याच्या अंगाने जाणारी आडवी वाट, काही ठिकाणी जेमतेम पाऊलभर रुंद, एका अंगाला दरी, त्यात घसारा, उंचीची भीती असेल तर राहूच द्या. (१८८२ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल ह्या संशोधकाने वॉलकॉट ह्या भूशास्त्रज्ञाला खाली उतरता यावं म्हणून ही वाट करून घेतली होती, धन्य ते लोक!)

खाली कोलोरॅडो नदी गढूळ असली की फिल्टर लगेच चोंदतो, त्यामुळे घडीची बादली आणि आपली तुरटी न्या, गाळ खाली बसला की वरचं पाणी फिल्टर करा. नदीवरच्या कड्यातली जुनी धान्याची कोठारं मात्र चुकवू नका, आत हात घालू नका एवढंच. मुक्कामाला बॅककंट्री परमिट (पार्कच्या रानात राहायचा परवाना) लागतं, आणि जून-जुलैच्या उन्हात तर विसराच.