प्रतिसाद: खरजेचा उपचार एकाच रात्री सगळ्यांचा

वसतिगृहात खरूज आलीय, तर ज्या चार मुलांना खाज आहे त्यांनाच मलम लावा, असं वरच्या पोस्टमध्ये सुचवलंय. नेमकं इथेच फसतं. पहिल्यांदा लागण झालेल्या मुलाला खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर ते शेजारच्या गादीवर खरूज देत राहतं. त्यामुळे सगळी मुलं, मावशी, स्वयंपाकीण, रात्रपाळीचे काका, सगळ्यांचा उपचार एकाच रात्री.

डॉक्टर बहुधा ५ टक्के पर्मेथ्रिन (खरजेचा किडा मारणारं मलम) लिहून देतात. ३० ग्रॅमची ट्यूब मोठ्याला एक, ५ ते १२ वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त अर्धी. अंग कोरडं आणि गार असताना मानेपासून तळव्यापर्यंत लावा. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, बेंबी, जांघा इथे लावायचं राहून जातं, आणि तिथेच किडा असतो. हात धुतले की हातांना पुन्हा लावायचं (हे हमखास राहतं). ८ ते १२ तासांनी अंघोळ, सातव्या दिवशी पुन्हा तेच.

सकाळी चादरी, टॉवेल, अंगावरचे कपडे कढत पाण्यात. गोधड्या धुणं जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा; एरवी तीन दिवस पुरतात, पण नाशिकच्या जानेवारीत आठवडा ठेवा, थंडीत किडा अंगाबाहेर जास्त तगतो.

त्यानंतरही दोनेक आठवडे खाज राहते. म्हणून रोज मलम फासू नका, कातडी सोलवटते. नवे फोड दिसले तरच डॉक्टरांना दाखवा.