मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही, कोणता राउटर घेऊ?

चाफा:
घाईत लिहितेय. घरी फायबर आहे, पण मागच्या खोलीत वायफाय धड चालत नाही. दोन काड्या दिसतात, मीटिंग सुरू झाली की आवाज तुटतो, मग चित्र गोठतं. कंपनीने दिलेला डबा काढून चांगला राउटर लावायचाय. बजेट तीन हजार, थोडं पुढेमागे चालेल. सोमवारी क्लायंटसमोर डेमो आहे, त्याआधी हातात हवा. कृपया मॉडेलचं नाव सांगा.

अनिकेत_कोथरूड:
टीपी-लिंकचा आर्चर सी६. गिगाबिट पोर्ट (वायर घालायच्या, १००० एमबीपीएस वेगाच्या जागा) आहेत, चार अँटेना बाहेर आहेत. आमच्या टू बीएचकेमध्ये गॅलरीपर्यंत रेंज येते. सी५० स्वस्त मिळतो, पण त्याची पोर्ट १०० एमबीपीएसचीच आहेत. तो घेऊ नका.

जुनाजाणता:
थांबा जरा. घर कसलं आहे? प्लॅन किती एमबीपीएसचा? डबा कुठल्या खोलीत आहे? त्याशेजारी बसून स्पीड किती येतो आणि मागच्या खोलीत किती?

चाफा:
प्लॅन १०० चा. डबा पुढे आहे. घर साधंच, बैठं. घराचं सोडा, राउटर सांगा ना.

मधुमालती:
१०० चा प्लॅन कशाला घेतलात? घरून काम करायला ४० चा पुरतो. सहा महिन्यांचे एकदम भरले तर आमच्याकडे सवलत मिळते, तुमच्याकडेही विचारून बघा.

गडनदी:
पुढे म्हणजे ओटीवर का? आणि भिंती कसल्या? विटांच्या की चिऱ्याच्या?

चाफा:
चिऱ्याच्या. संगमेश्वरजवळ आहे घर, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. डबा ओटीवर मीटरच्या शेजारी, कारण फायबर तिथूनच आत आलं. मग माजघर, त्याला लागून देवघर, मग माझी खोली. आत्ता लॅपटॉप उचलून दोन्हीकडे स्पीड बघितला. ओटीवर ९४, खोलीत ६.

जुनाजाणता:
आता कळलं. ओटीवर ९४ येतायत म्हणजे तुमची लाइन ठणठणीत आहे आणि डबाही. अडलंय भिंतीत. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि पाणी या लहरी शोषतं. जाड चिऱ्याच्या दोन-तीन भिंती ओलांडताना वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा (बँड) जवळजवळ संपतो. २.४ गिगाहर्ट्झचा तग धरतो, पण रडतखडत. तुम्हाला दिसतायत त्या दोन काड्या बहुधा २.४ च्याच.

मोठ्या अँटेनांचा राउटर आणून हे सुटत नाही, कारण बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. तुम्ही ओटीवर लाउडस्पीकर लावलात म्हणून माजघरापलीकडून कुजबुजणाऱ्याचं उत्तर तुम्हाला ऐकू येणार नाही. लॅपटॉप आणि फोन कमी ताकदीनेच बोलतात, आणि मीटिंगमध्ये तुमचा चेहरा, आवाज, स्क्रीन सगळं तिकडूनच इकडे यायचं असतं. ओटीवरून खोलीपर्यंत लॅनची (घरातल्या घरात नेट नेणारी) वायर टाका आणि खोलीत दुसरा साधा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा, म्हणजे वायरने आलेलं नेट तो खोलीत वायफायवर देईल.

अनिकेत_कोथरूड:
आजच्या काळात वायर कोण ओढतं? मेश घ्या, म्हणजे एकाच वायफायचे जोडीने चालणारे दोन डबे, एक ओटीवर, एक माजघरात. पाच मिनिटांत अ‍ॅपवरून सेट होतं. बजेट थोडं वाढवावं लागेल इतकंच.

जुनाजाणता:
मेशचे डबेही एकमेकांशी हवेतूनच बोलतात. माजघरातल्या डब्याला ओटीची भिंत आणि खोलीला माजघराची भिंत, दोन्ही राहिल्याच. तीन बँडचा मेश असला तर जोडणीसाठी वेगळा पट्टा तरी मिळतो. स्वस्तातल्या दोन बँडच्या मेशमध्ये तीच लहर पुढे-मागे दोन्ही कामं करते, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. रिपीटरचंही (आलेली लहर पुन्हा पुढे पाठवणाऱ्या डब्याचंही) तेच. मेश वाईट नाही, फ्लॅटमधल्या विटांच्या पार्टिशनला तो उत्तम आहे. चिऱ्याला नाही.

अनिकेत_कोथरूड:
मेशलाही मागून वायर लावता येते.

जुनाजाणता:
मग वायर आलीच की. वायर आल्यावर महागड्या मेशचे पैसे कशाला घालवायचे?

राजापूरकर:
वायफायचंच निघालंय म्हणून विचारतो. बागेतला सीसीटीव्ही घरी असताना फोनवर दिसतो, मुंबईला गेलो की दिसत नाही. बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत वाट मिळावी म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडलंय. माकडांनी फायबर दोनदा तोडलं, ते वेगळंच. काय करावं?

गडनदी:
राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल तर कंपनीने एक बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटून दिलाय, त्यावर पोर्ट उघडून उपयोग नाही. कॅमेऱ्याचं क्लाउड अ‍ॅप वापरा किंवा कंपनीकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) घ्या. माकडांवर वेगळा धागा काढा, त्यावर मलाही बरंच लिहायचंय.

सुमन_आजी:
खोलीत राउटर लावलाच तर रात्री बंद करत जा गं. घरात लहान मूल आहे का?

जुनाजाणता:
आजी, या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात, पेशींतले रेणू तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. रात्री बंद केला तर वीज वाचेल, तेवढ्यासाठी जरूर करावा.

चाफा:
वायर टाकायला माझी ना नाही, पण न्यायची कुठून? मधली भिंत देवघराची आहे. सासूबाई तिला भोक पाडू देणार नाहीत आणि मलाही ते नकोय. बाहेरून, परसातून फिरवून आणली तर?

वायरमन_चिपळूण:
बाहेरून नको. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा कशा पडतात ते तुम्ही बघताच. लॅनची वायर तांब्याची. जवळ कुठे वीज पडली तर तिच्यात झटका उतरतो आणि दोन्ही टोकांचे डबे जातात, नशीब वाईट असेल तर लॅपटॉपही. शिवाय साधी वायर उन्हाने तडकते.

वर कौलं आहेत की स्लॅब?

चाफा:
कौलं. माजघरावर माळा आहे.

वायरमन_चिपळूण:
मग काम सोपं आहे. जुन्या कौलारू घरांत मधल्या भिंती बहुतेक वेळा छपरापर्यंत जात नाहीत, वर वाशांखाली जागा मोकळी असते. ओटीवरून वायर वर चढवा, माळ्यावरून वाशांच्या कडेने न्या, तुमच्या खोलीत कोपऱ्यातून खाली उतरवा. एकाही भिंतीला भोक नाही. माळ्यावर उंदीर असणारच, तेवढा भाग पीव्हीसी पाइपातून घ्या.

वायर कॅट ६ घ्या, पण पूर्ण तांब्याची मागा. दुकानात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त वायरही असते, ती दोनदा वाकवली की तुटते. लांबीची काळजी नको, शंभर मीटरपर्यंत चालते. लाइटच्या वायरीला चिकटवून नेऊ नका, वीतभर अंतर ठेवा. जॅक दोन्ही टोकांना एकाच रंगक्रमाने क्रिम्प करायला (दाबून बसवायला) सांगा.

चाफा:
हे जमेल! मिस्टरांचा पुण्यातला जुना राउटर कपाटात पडून आहे. तोच चालेल का? आणि सेटिंग काय करायचं, कोणीतरी नीट सांगा.

गडनदी:
चालेल. वायर टाकण्याआधी तो राउटर लॅपटॉपला जोडून रीसेट करा. मेनूत अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर त्याचा आयपी बदलून १९२.१६८.१.२ करा (ओटीवरचा डबा १९२.१६८.१.१ असेल असं धरून), डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आयपी वाटण्याचं काम, ते ओटीवरचा डबा करतोच) बंद करा, आणि ओटीवरून आलेली वायर वॅनच्या पोर्टात न घालता लॅनच्या पोर्टात घाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा, म्हणजे फोन स्वतःच एका डब्यावरून दुसऱ्यावर जाईल. २.४ चं चॅनल मात्र वेगळं: ओटीवर १, खोलीत ११. डेमोच्या दिवशी लॅपटॉप थेट वायरनेच जोडा, वायफाय कशाला?

अनिकेत_कोथरूड:
जुन्या राउटरची पोर्ट १०० ची असतील, ती मर्यादा राहील.

गडनदी:
प्लॅनच १०० चा आहे.

चाफा:
उद्या वायरमन येतोय, वायर आणि पाइप आजच आणले. एक राहिलं. लाइट गेली की दोन्ही डबे बंद पडणार. इन्व्हर्टर नाही आमच्याकडे.

वायरमन_चिपळूण:
१२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, डब्याच्या अ‍ॅडॅप्टरच्या जागी बसतात. घेण्याआधी दोन्ही अ‍ॅडॅप्टरवर काय छापलंय ते वाचा. काही जुने राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिलं तर जळतात. अँपिअर मात्र यूपीएसचे जास्त असले तरी चालतात. ओटीवर एक, खोलीत एक असे दोन लागतील. लॅपटॉपची बॅटरी आदल्या रात्री भरून ठेवा.