एनर्जी ऑडिटला (वीज कुठे किती जाते याच्या तपासणीला) दोन आठवडे लॉगिंग (यंत्र लावून सतत नोंद) हवंच, का बारा महिन्यांची बिलं पुरे?

महापेकर:
आमच्या सात मजली ऑफिस बिल्डिंगचं ऑडिट गेल्या मे महिन्यात झालं. एक माणूस सकाळी आला, क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) घेऊन फिरला, ट्यूबलाइट मोजल्या, मोटरींच्या नेमप्लेटचे फोटो काढले आणि चारला गेला. रिपोर्टमध्ये नेमप्लेटचे किलोवॅट गुणिले तास गुणिले ३०० दिवस, आणि ही बेरीज बिलापेक्षा बरीच जास्त आली म्हणून तास कमी करत करत बिलाशी जुळवून टाकली! असल्या आकड्यांवर चिलर (सेंट्रल एसीसाठी पाणी गार करणारं मशीन) बदलायचा लाखोंचा निर्णय घ्यायचा का?

नेमप्लेटवर मोटर जास्तीत जास्त किती देऊ शकते ते असतं, ती आत्ता किती खेचतेय ते नसतं. १५ किलोवॅटचा पंप प्रत्यक्षात ९ वर चालत असू शकतो. चिलरचं तर आणखी नाजूक आहे, पाण्याचा फ्लो, येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचं तापमान आणि कॉम्प्रेसरची पॉवर हे तिन्ही एकाच वेळी घ्यावं लागतं. समजा तासाला ९० घनमीटर पाणी आणि ५ अंशांचा फरक, तर ९० गुणिले ५ भागिले ३.०२४ (टनात आणायचा आकडा), म्हणजे साधारण १४९ टन (गारवा मोजायचं एकक). कॉम्प्रेसर १२० किलोवॅट घेत असेल तर टनामागे ०.८१ किलोवॅट पडतात. आता थर्मामीटर अर्ध्या अंशाने चुकला की ५ चे साडेपाच झाले, उत्तरात थेट १० टक्क्यांची चूक! म्हणून दोन्ही सेन्सर आधी एकाच बादलीत बुडवून ताडून बघायला हवेत. आमच्याकडे यातलं काहीच झालं नाही. माझं म्हणणं, किमान दोन आठवडे लॉगर लावल्याशिवाय ऑडिट म्हणूच नये.

वागळे_फॅसिलिटी:
दादा, तुमची बिल्डिंग मोठी आहे म्हणून हे जमतं. मी वागळे इस्टेटमध्ये तीन छोट्या बिल्डिंगी बघतो, सगळे स्प्लिट एसी, चिलर नाहीच. महिन्याला लाखभर बिल, त्यात अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर आणि इंजिनिअर दोन आठवडे परवडत नाही, आणि मोजायला फ्लो तरी कुठे आहे. बारा बिलं टेबलावर मांडा आणि रात्री अकराला एक फेरी मारा. मला एका फेरीत बाथरूमचे एक्झॉस्ट चालू सापडले, रिकाम्या लॉबीचा एसी चालू सापडला, सर्व्हर रूम १८ वर लावलेली. बिलातच किती असतं बघा, मॅक्झिमम डिमांड (महिन्यातला सर्वांत जास्त लोड), पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरंच कामी येते), आणि एचटीवाल्यांना (हाय टेन्शन जोडणीवाल्यांना) तर २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामी न आलेली वीजही धरून बिल येतं म्हणजे पॉवर फॅक्टर बिघडला की युनिटच वाढतात. आधी डोळ्यांना दिसतंय ते तरी बंद करा!

महापेकर:
छोट्या बिल्डिंगबद्दल मान्य. पण एका रात्रीची फेरी म्हणजे एकच रात्र झाली. आम्ही एचटी मीटरचा लोड सर्व्हे (मीटरमध्ये साठलेली वेळेनुसार लोडची नोंद) मागवला, एमआरआय डेटा म्हणतात तो, आणि रविवारी पहाटे ३ ला ६२ किलोवॅट! बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नाही. रात्रीचे दहा तास असं धरलं तरी वर्षाला सव्वादोन लाख युनिट होतात. वरच्या तीन मजल्यांचे एएचयू (गार हवा फिरवणारे मोठे पंखे) पॅनेलवर मॅन्युअलला ठेवलेले, आणि बीएमएसच्या (बिल्डिंगच्या कॉम्प्युटर कंट्रोलच्या) स्क्रीनवर मात्र ऑफ दाखवत होते. हे फेरीत नाही सापडत, कारण रात्री एएचयू रूम कोण उघडतं?

वागळे_फॅसिलिटी:
तुमच्या वॉचमनला विचारलंत का कधी? रात्रभर पंख्याचा आवाज त्याच्या कानावर असतो की.

महापेकर:
नंतर विचारलं. काका म्हणाले, साहेब दोन वर्षं आवाज येतोय. ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

बेलापूर_सर्टिफाइड:
मी बीईईची (केंद्राच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची) ऑडिटरची परीक्षा देऊन गेली काही वर्षं हेच काम करते. दोघांचं वाचलं, पण मुळातच अडचण वेगळी आहे. मे मधले दोन आठवडे म्हणजे वर्ष नव्हे. नवी मुंबईत पावसाळ्यात पारा उतरतो पण हवेतला दमटपणा काढायलाच चिलरचा बराच जोर जातो, आणि वेट बल्ब (ओल्या थर्मामीटरचं तापमान, दमटपणाबरोबर वाढतं) वर असल्याने कूलिंग टॉवरही पाणी हवं तितकं थंड करू शकत नाही. जानेवारीचं चित्र अजून वेगळं. म्हणून बिलं वर्षाची आणि लॉगिंग निदान दोन ऋतूंत, असं मी मागते आणि क्लायंट कोटेशन बघून मागे फिरतो, सर्वांत स्वस्त कोण त्यालाच काम.

दुसरं ईपीआय, म्हणजे वर्षाचे युनिट भागिले चौरस मीटर. कुठलं क्षेत्रफळ? पार्किंग धरलं का? ऐरोलीचं तीन शिफ्टचं ऑफिस आणि वाशीचं नऊ ते सहावालं ऑफिस शेजारी ठेवून एकाला वाईट ठरवलेलं मी पाहिलंय, त्या माणसांवर तो अन्यायच होता. आणि भाडेकरू! चिलर मालकाचा, लाइट-कॉम्प्युटरचं बिल भाडेकरूचं, पूर्ण आकडा कुणाकडेच नाही. ती बिलं गोळा करण्यातच माझा अर्धा वेळ जातो.

घोडबंदर_मेंटेनन्स:
मी वागळेवाल्यांच्या बाजूने. आमच्याकडे चाळीस मीटर बसवले, सॉफ्टवेअर घेतलं, रंगीत ग्राफ यायचे. तीन मीटरमध्ये सीटीचा (मोठा करंट कमी करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) रेशो चुकीचा टाकलेला, एकात सीटी उलटा. दोन वर्षं कुणालाच पत्ता नाही. मेन इनकमरचं (बिल्डिंगमध्ये येणाऱ्या मुख्य लाइनचं) रीडिंग आणि फीडरची (तिथून फुटणाऱ्या लाइनींची) बेरीज पहिल्याच दिवशी ताडून बघितली असती तर लगेच कळलं असतं. न तपासलेल्या चाळीस मीटरपेक्षा तपासलेले चार द्या मला.

बेलापूर_सर्टिफाइड:
इनकमरचं शंभर टक्के बरोबर. मी लॉगर लावायच्या आधी तेच करते.

वागळे_फॅसिलिटी:
बरं, पण महापेकर, एवढा डेटा आला, पुढे बदललं काय ते सांगा.

महापेकर:
एएचयू ऑटोवर घेतले, पॅनेलला कुलूप लावलं, किल्ली शिफ्ट इंजिनिअरकडे. गेल्या रविवारी पहाटे ३ ला २३ किलोवॅट. त्यातले सर्व्हर आणि कॉमन लाइटचे १४, उरलेले ९ कुठे जातात ते अजून शोधतोय. ते रीडिंग आता वॉचमन काका दर रविवारी वहीत लिहून ठेवतात, तारखेसकट.