अर्थशास्त्र शिकवणारे सर-मॅडम: वर्गात नेमकं काय घडायचं?

अर्थशास्त्र एक तर डिक्टेशनच्या वहीतून भेटतं, नाहीतर एखाद्या शिक्षकामुळे. वहीबद्दल बोलण्यासारखं काही नाही. ज्यांच्यामुळे विषय डोक्यात शिरला ते वर्गात काय करायचे, तेवढं लिहा. ‘फार छान शिकवायचे’ एवढ्यावर भागवू नका. सुरुवात मीच करते.

आमच्या मॅडमनी मागणी-पुरवठा शिकवायच्या आधीच वर्गाचा बाजार केला. अर्धे ग्राहक, अर्धे विक्रेते. प्रत्येकाला एक गुप्त चिठ्ठी: ग्राहकाने यापेक्षा जास्त द्यायचं नाही, विक्रेत्याने यापेक्षा कमी घ्यायचं नाही. मग ओरडून बोली. पहिल्या फेरीत सौदे कुठेही झाले, पण दोन-तीन फेऱ्यांत सगळे एकाच आकड्याभोवती घुटमळू लागले. मग मॅडमनी चिठ्ठ्या गोळा करून फळ्यावर मागणीचा आणि पुरवठ्याचा असे दोन्ही वक्र काढले. छेदनबिंदू त्याच आकड्यापाशी! “हा भाव कुणी ठरवला?” या प्रश्नावर वर्ग गप्प.

पुढे कळलं की या खेळाला मोठा इतिहास आहे. हार्वर्डच्या एडवर्ड चेंबरलिन यांनी वर्गातल्या अशा प्रयोगावर १९४८ साली लेख लिहिला होता. त्यांच्याकडे सौदे खाजगीत व्हायचे आणि भाव समतोलाला, म्हणजे मागणी-पुरवठा जुळतात त्या आकड्याला, येत नसत. त्यांच्या वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी नंतर बोली उघड केली, तोच बाजार पुन्हा पुन्हा भरवला, आणि भाव जुळू लागले. स्मिथना २००२ चं नोबेल मिळालं ते अशाच प्रयोगांसाठी.

*

आमच्या सरांसमोर नुसतं “मागणी वाढली” म्हणायची सोय नव्हती. लगेच प्रश्न: “विस्तार की वृद्धी?” किंमत उतरली म्हणून वाढली असेल तर तो विस्तार, त्याच वक्रावर खाली सरका; उत्पन्न, आवडनिवड बदलली असेल तर ती वृद्धी, वक्रच उजवीकडे न्या. तेव्हा छळ वाटायचा. आता बातम्या वाचताना मीच तो छळ घरच्यांना करतो.

*

मला खेळबिळ कधीच भावले नाहीत. आमचे सर पक्के गणिती, पण एक अट होती. समीकरण सोडवलं की त्याचा अर्थ चिन्हं न वापरता सांगायचा. सांगता आला नाही की डस्टर फिरलाच. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १९०६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाऊली यांना पत्रातून हेच सुचवलं होतं: गणित लघुलिपीसारखं वापरा, मग साध्या भाषेत मांडा, खरी उदाहरणं द्या आणि गणित जाळून टाका. सर जाळत नव्हते, पुसायचे.

*

आमच्या सरांचा खेळ: ० ते १०० मधला आकडा लिहा. सगळ्यांच्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाच्या सर्वांत जवळ जो, तो जिंकला. सगळ्यांनी पुरता तर्क लावला तर आकडा घसरत घसरत शून्यावर येतो, म्हणून आमच्यातल्या हुशार मुलाने शून्य लिहिलं आणि तो सपशेल हरला. “उत्तर बरोबर आहे, पण समोर हा वर्ग आहे,” इति सर. बाकी तासाला काय शिकवलं, देव जाणे.

*

मी शिकवणारी आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने. संधी खर्चाची (एक निवडताना हातचा गेलेल्या सर्वोत्तम पर्यायाचा निव्वळ फायदा) व्याख्या पोरं घडाघडा म्हणतात, म्हणून मी आधी कोडं घालते. एका कार्यक्रमाचं तिकीट फुकट मिळालंय, ते विकता येत नाही. त्याच संध्याकाळी दुसरा कार्यक्रम आहे, तिकीट ४०. त्यासाठी तुम्ही ५० पर्यंत द्यायला तयार आहात. फुकटच्या कार्यक्रमाला जाण्याचा संधी खर्च किती: ०, १०, ४० की ५०? अर्थतज्ज्ञ फेरारो आणि टेलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे जवळपास २०० अर्थतज्ज्ञांना विचारलं, तर सुमारे २२ टक्केच बरोबर निघाले. डोळे मिटून खूण केली असती तरी २५ टक्के आले असते!

आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर लिहायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं, मग पुन्हा हात वर. मधल्या भांडणात मी तोंड उघडत नाही, आणि तेच सर्वांत अवघड जातं. १० चे, म्हणजे बरोबर उत्तराचे, हात दुसऱ्या वेळी वाढतात, पण ५० वाले हट्टी असतात. सोडलेल्या कार्यक्रमाचं सुख ५० चं, पण त्यासाठीचे ४० खिशातच राहिले ना, हे त्यांच्या गळी उतरवायला उरलेला तास पुरत नाही.