बारावीनंतर लॉसाठी ऑक्सफर्ड की केंब्रिज?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
मी बारावी कला शाखेत आहे. पप्पा नोटरी. 18 ऑगस्ट 2025 ला इथं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. मला मनापासून वकीलच व्हायचंय. दोन्हीकडे अर्ज करू का? एलनॅट या लॉच्या प्रवेश परीक्षेची लई भीती वाटते.

उत्तर 1:
अगं, एकाच वर्षी दोन्हीकडं अर्ज चालत नाही, एकच निवडावं लागतं. यूकॅसवर, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या सामायिक अर्जाच्या पोर्टलवर, एकूण पाच पर्याय देता येतात. या दोघांची मुदत 15 ऑक्टोबर, म्हणजे शाळेचं शिफारसपत्र गणपतीच्या आधीच माग. माझ्या सरांनी शेवटच्या रात्री दिलं, जीव नुसता टांगणीला!
एलनॅटमध्ये 95 मिनिटांत 42 प्रश्न, मग 40 मिनिटांत एक निबंध. कायद्याची माहिती विचारत नाहीत, वाचून नीट विचार करता येतो का ते बघतात. मी रोज एक अग्रलेख कापून वहीत चिकटवायचे. लेखकानं न सांगता काय गृहीत धरलंय, ते समासात पेन्सिलीनं लिहायचे. पहिला महिना काहीच सापडायचं नाही. मग एकदम दिसायला लागलं.

उत्तर 2:
ताई, परत येऊन इथंच वकिली करणार असशील, तर परदेशी पदवीची मान्यता आणि पात्रता परीक्षा यांबद्दल बार कौन्सिल ऑफ इंडियाला आधीच लेखी विचार.

प्रश्नकर्ती:
इथंच करायची आहे, भाऊसिंगजी रोडवरच्या सर्किट बेंचमध्ये. पत्र उद्याच लिहिते. अग्रलेखाची वहीपण आजच आणली.