१२ व्होल्टची मोटर उलट-सुलट फिरवताना: लिमिट स्विच आणि डायोड
रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) मोटरची दिशा बदलण्याच्या चर्चेत एक मुद्दा आला: दोन्ही दिशांचे रिले चुकून एकाच वेळी लागले तर शॉर्ट होईल, म्हणून ईएसपीहोममधील (रिले हाताळणाऱ्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधील) इंटरलॉक, म्हणजे एक लागलेला असताना दुसरा लागू न देणारी सोय, हवाच. हा मुद्दा चार स्वतंत्र रिलेंच्या जोडणीला लागू पडतो. त्याऐवजी दोन चेंजओव्हर रिले (एक टोक दोन संपर्कांपैकी एकाला जोडणारे) घेऊन प्रत्येकाचा कॉमन (सामाईक टोक) मोटरच्या एकेका तारेला, एनओ (एरवी उघडा संपर्क) धनाला आणि एनसी (एरवी जोडलेला संपर्क) ऋणाला जोडला, तर दोन्ही लागूनही मोटरची दोन्ही टोके एकाच ध्रुवावर येतात आणि ती फक्त थांबते. तरीही दिशा बदलताना अर्धा-एक सेकंदाची विश्रांती अवश्य ठेवावी, कारण वेगात असलेली मोटर एकदम उलटवल्यास प्रवाहाचा झटका फार मोठा बसतो आणि रिलेचे संपर्क चिकटू शकतात.

चर्चेत न आलेली गोष्ट म्हणजे लिमिट स्विच, म्हणजे हलणारा भाग टोकाला पोहोचला की दाबला जाणारा स्विच. आमच्या कोल्हापुरात जुलैच्या पावसात वीज वारंवार जाते. तेवढ्यात या मोटरने चालणारी गच्चीवरील झडप अर्धवट राहिली, की मोटर किती वेळ चालली यावर बेतलेला हिशेब चुकतो. म्हणून दोन्ही टोकांना एनसी लिमिट स्विच मोटरच्या तारेत एकसरीत घालून प्रत्येकाला एकेक डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) समांतर जोडावा (तीन अँपिअरपर्यंत १एन५४०८ चालतो). स्विच उघडला की त्या दिशेचा प्रवाह तुटतो, उलट दिशेचा मात्र डायोडमधून वाहतो. कंट्रोलर बंद पडला तरी मोटर टोकाला थांबतेच.